भिकाच्या घरचं पाणी

१९९४ साल. माझं वय तेव्हा बावन्न. सुरतेच्या म्युनिसिपालटीत मी आरोग्य खात्याची जीप चालवायचो. शाळा तिसरीपर्यंत, तीही आमच्या खान्देशातल्या गावी, मास्तर येईल त्या दिवशी. मंडळाची पोरं म्हणाली, आबा, दिवाळी अंकाला तुमच्या नोकरीचं काहीतरी लिहा. म्हटलं लिहितो, पण मी लिहीन तसं छापायचं. माझं बोलणं धुऊन इस्त्री करायला बसायचं नाही.

लोकांना वाटतं ड्रायव्हरचं काम गाडी चालवायचं. चुकीचं आहे. ड्रायव्हरचं काम थांबायचं. साहेब आत गेला की तो कधी बाहेर येईल ते देवाला माहीत. सावली सरकेल तशी गाडी सरकवायची, कपडा मारायचा, आणि साहेब दिसला की जणू आत्ताच आलो अशा तोंडानं चावी फिरवायची. ड्रायव्हरला कान असतात, तोंड नसतं. गाडीत कोण कोणाच्या बदलीबद्दल काय बोललं, ते गाडीतच राहिलं पाहिजे. मी ते तीस वर्षं पाळलं.

आणि पुढची सीट. जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा मोठ्या साहेबाची. मागं दोन बाकं समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लागतात, धूळ सगळी तिथं. एकदा सारख्याच हुद्द्याचे दोन साहेब मलेरियाच्या कामाला निघाले. दोघंही पुढच्या दाराशी उभे. "आपण बसा." "नाही नाही, आपण बसा." तोंडानं असं म्हणतात आणि दाराची कडी कोणी सोडत नाही. शेवटी एक साहेब रिक्षानं गेला. कोणाचं कोणाशी कसं आहे ते मला विचारू नका, पुढची सीट बघा.

आता भिकाचं सांगतो. भिका माझा चुलत भाऊ, माझ्याहून लहान. त्याला सुरतेला मीच आणला, उधन्याला लूमवर मीच लावून दिला. नवागामात त्यानं खोली घेतली, पुढं पत्र्याची पडवी काढली. एक दिवस दबाणवाल्या, म्हणजे अतिक्रमण पाडणाऱ्या साहेबांची गाडी बंद पडली म्हणून माझी जीप मागवली. साहेबांना मी नवागामात उतरवलं आणि ड्रायव्हरनं करायचं ते केलं, थांबलो. त्या लायनीतल्या सगळ्या पडव्या पाडल्या. भिकाचीही पाडली. त्याची बायको विमल भांडी काढत होती आणि भिका माझ्या जीपकडं बघत होता.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. म्हणाला, "दादा, तोंड उघडलं असतं तर?"

मी म्हटलं, "गाडीत कोण बसतं ते ड्रायव्हर ठरवत नाही."

"पण उतरायचं कुठं ते तर तुले माहीत होतं."

पुढच्या श्रावणात कानबाई आली. खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, दुसऱ्यांना सांगतो. कानबाई आमची देवी, श्रावणात घरी बसवतात. तिचे रोट, म्हणजे जाड पोळ्या करतात, त्याचे गहू मुठीनं मोजतात, भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. त्या साली रोट भिकाच्या घरी होते. त्यानं माझी मूठ धरली नाही. सगळ्यांदेखत विमलला म्हणाला, "दादाची मूठ राहू दे, तो म्युनिसिपालटीचा भाऊबंद आहे." बायाबापड्या हसल्या. मी उभ्यानंच सांगितलं, "आजपासून तुझ्या घरचं पाणी पिणार नाही." आणि चपला घालून निघालो. मी एकदा बोललो की बोललो. माझा बाप असाच होता आणि भिकाचा बापही.

तीन वर्षं मी त्या गल्लीत पाय ठेवला नाही.

मग ते साल आलं. गणपती बुडवले, तापीचा पूर ओसरून चिखल घराघरात बसलेला, आणि लोक ताप येऊन, छातीत कफ दाटून, रक्त थुंकून मरायला लागले. प्लेग हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता, तोही शिवी म्हणून. उधना स्टेशनावर माणसं रेल्वेच्या टपावर चढली. लूम बंद. एरवी नवागामात रात्रंदिवस खटखट चालायची, ती थांबली आणि कानाला दडे बसल्यासारखं झालं. माझी बायको पोरांना घेऊन गावाकडं गेली, तर शिवेवर पोरं काठ्या घेऊन उभी. सुरतवाले नको. आमचीच माणसं, आमच्याच गावाच्या मळ्यात उघड्यावर पडून राहिली. मला जाता येईना, आरोग्य खात्याच्या ड्रायव्हरला रजा कुठली? नाकाला रुमाल बांधून मी कॅप्सूलची खोकी वाहत होतो.

अशीच खोकी उतरवायला दवाखान्यात गेलो, तर व्हरांड्यातल्या खाटेवर भिका. डोळे खोल गेलेले, ओठ काळे. ओळखलं त्यानं. मी नळावरून पेलाभर पाणी आणून त्याच्या उशाशी ठेवलं. ते काही माझ्या घरचं नव्हतं, दवाखान्याचं होतं. तरी त्यानं भिंतीकडं तोंड केलं. आमच्या रक्तातच आहे ते.

दुसऱ्या दिवशी खाट रिकामी होती. म्युनिसिपालटीनंच जाळला. सुतक मलाही लागत होतं, पण म्युनिसिपालटीला सुतक नसतं. मी ड्युटीवर होतो. विमललाही ताप येऊन दवाखान्यात आणलं होतं, पण ती बचावली आणि चालत घरी गेली.

पुढं मरणं थांबली, पण भीती थांबेना. परदेशानं आपली विमानं आणि माल अडवला होता. मालक म्हणायचे, कापड कोणासाठी विणायचं? मग बाहेरदेशचे डॉक्टर आले, आपल्या सरकारच्या डॉक्टरांबरोबर तपास करायला. हा रोग तोच होता का, संपला का, ते त्यांनी सांगायचं. त्यांनी मान हलवली की जहाजं सुटणार. त्यातले दोघं माझ्या जीपला आले. सोबत दिल्लीचे सक्सेना डॉक्टर, इंग्रजीचं हिंदी करायला.

एक अमेरिकेचा, हॅरिस साहेब. माझ्याएवढ्याच वयाचा, दाराएवढा उंच, एक पाय जरा ओढत चालायचा. दुसरा व्हिएतनामचा, तुआन साहेब. सडपातळ, पांढरे केस, तोंडावर कधी हसू नाही. मी सवयीनं पुढचं दार हॅरिस साहेबासाठी उघडलं. एवढा मोठा देश, एवढा मोठा माणूस. त्यानं मला हातानंच थांबवलं, मागं गेला आणि सामानाच्या पत्र्याच्या पेटीवर गुडघे हनुवटीला लावून बसला. तुआन साहेब काही न बोलता पुढं येऊन बसला. आभार नाही, मान हलवणं नाही. सक्सेना साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

त्या दोघांत कामाशिवाय बोलणं नव्हतं. पण काम करताना चार हातांचा एक माणूस. एकानं हात पुढं केला की दुसरा हवं ते ठेवायचा. खाण्याच्या वेळी बिस्किटांचा एकच डबा, मधे ठेवलेला.

गाडी चालवता चालवता मी न राहवून सक्सेना साहेबांना विचारलं, "साहेब, ये क्या है?"

ते म्हणाले, "उखाभाई, इन दोनों के मुल्कों में जंग हुई थी. बड़ी जंग. ये हॅरिस साहब जवानी में वहीं थे, फौज के डॉक्टर. प्लेग वहीं सीखा. और तुआन साहब के बड़े भाई बमबारी में मारे गये."

"किसकी बमबारी?"

सक्सेना साहेबांनी नुसतं मागं बसलेल्या हॅरिस साहेबाकडं बघितलं.

मी गाडी चालवत राहिलो. पण ते डोक्यात बसलं. चहाला थांबलो तेव्हा सक्सेना साहेबांना म्हटलं, तुआन साहेबांना एक विचारा, राग येत नसेल तर. यांच्याबरोबर एका डब्यातलं खाता कसं? सक्सेना साहेब नको नको म्हणत होते, पण तुआन साहेबानं माझ्याकडं बोट केलं, काय म्हणतो हा? मग विचारावंच लागलं. हॅरिस साहेब तिथंच उभा होता.

तुआन साहेबानं जे सांगितलं त्याचं हिंदी असं झालं: "मी माफ केलेलं नाही. पण या रोगाबद्दल त्याला जेवढं कळतं तेवढं कळणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. माणसं मरत असताना माझा राग काय कामाचा? काम आहे तोवर बसतो."

हॅरिस साहेब खाली बघून काहीतरी म्हणाला. सक्सेना साहेबांनी ते जरा थांबून सांगितलं: "तो म्हणतो, मला ठाऊक आहे की माफ केलेलं नाही. म्हणून तर मी मागं बसतो."

मी चहाचे कप परत केले.

दुसऱ्याच दिवशी जीप नवागामकडं न्यायला सांगितली. सक्सेना साहेबांनी समजावलं ते साधं होतं. आजारी माणसाचं रक्त तापात असताना एकदा घेतात आणि बरं झाल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही शेजारी ठेवून बघितली तरच नक्की कळतं कोणता रोग होता. पहिलं रक्त घेतलेली माणसं तर गावोगाव पळालेली. एक बाई मात्र कुठं गेली नाही, नवागामातच आहे. तिचं दुसरं रक्त पाहिजे, आणि ही मंडळी परवा जाणार. बाईचं नाव विमल.

कान असतात, तोंड नसतं. मी चावी फिरवली.

गल्लीच्या तोंडाशी जीप उभी केली. एकदोन सोडून सगळ्या दारांना कुलपं. कुत्रीसुद्धा नव्हती. सक्सेना साहेबांनी दार वाजवलं, हिंदीत समजावलं, मग आवाज चढवला. दार फटीएवढंच उघडलं, बाई बाहेर येईना, आणि बोलली ते अहिराणीत. परत आले ते संतापून. "क्या बोलती है समझ में नहीं आता. उखाभाई, तुम्हारी तरफ की है. जाओ, समझाओ. नहीं तो पुलिस बुलानी पड़ेगी."

"पुलिस किसलिए? चोरी केली तिनं?" मी म्हटलं, आणि खाली उतरलो. तीन वर्षांनी.

आमच्यात जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बाई समोरासमोर बोलत नाही. पदर ओढून, दाराआड उभी राहून, कोणा तिसऱ्याला सांगितल्यासारखं बोलते. तिसरं तिथं कोणी नव्हतंच. ती भिंतीशी बोलली.

"कोन उनं शे? दादा उनात का?"

"मी आहे," मीही भिंतीलाच म्हटलं. "डॉक्टर रक्त मागताहेत. दे. सुई टोचते तेवढंच."

"रगतनी ना नही. कितलं बी लेवा म्हना. पन घरमा सुतक शे. गंधमुक्ती व्हयनी नही."

गंधमुक्ती म्हणजे आमच्याकडचं तेराव्याचं. मेलेल्याच्या घरी भाऊबंद जेवतात, कपाळाला गंध लावतात, मग सुतक फिटतं. तोवर बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, आणि परक्यानं तिला शिवायचं नाही. तेरावा कधीच होऊन गेला होता. त्या दिवशी तिनं एकटीनं स्वयंपाक केला, पाट मांडले, आणि संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवून बसली. भाऊबंद सगळे पळालेले. शेजारी राहिलेले एकदोघे प्लेगच्या घरात जेवायला येणार कसे? रात्री सगळं अन्न गाईला घालावं म्हणून उंबऱ्यातून बघितलं, तर गल्लीत गाय नव्हती. घरात बसलेल्या तापीच्या चिखलातच पुरलं.

"येक भाऊबंद जरी जेवना तरी फिटस," ती भिंतीला म्हणाली. "सुरतमा येकच राह्यना शे. पन त्यासले सांगता येवाव नही. त्या आम्हना घरनं पानी पेतस नही."

सांगता येत नाही म्हणाली आणि सांगून टाकलं.

मी मागं वळलो. सक्सेना साहेबांना सगळं सांगितलं. माझं कोण लागतं तेही. त्यांनी ते त्या दोघांना सांगितलं. हॅरिस साहेब लगेच म्हणाला, मी जेवतो. सक्सेना साहेब ताडकन म्हणाले, अशा घरातलं काहीही तोंडात घालायचं नाही, नियम आहे, तो तुमच्याच लोकांनी केला आहे. आणि मीही म्हटलं, परक्यानं जेवून भागत नाही. तुआन साहेब माझ्याकडं बघत होता. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला नाही म्हणता आलं असतं.

त्या दिवशी जीप धुवायला नेली आणि धुतलीच नाही, नुसता बसून राहिलो. मी बोललो होतो ते पाण्याचं. जेवणाचं बोललो नव्हतो. हे मी मनात पुन्हा पुन्हा घासून बघितलं. "तुझ्या घरचं पाणी पिणार नाही." एवढंच. शब्दाला शब्द. तुम्ही हसाल. पण गरीब माणसाकडं स्वतःचा म्हणून शब्दच असतो, तो मोडायचा तर त्याला विचार करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, परदेशी मंडळींच्या शेवटच्या फेरीला, सगळ्यांना घेऊन नवागामला गेलो. आदल्या दिवशी संध्याकाळीच जाऊन सांगून ठेवलं होतं, भिंतीलाच, की उद्या एक भाऊबंद जेवायला येतो. विमलनं म्युनिसिपालटीच्या वाटपातल्या पिठाच्या पोळ्या केल्या होत्या, उडदाचे वडे, भात, वरण. एकच पाट. शेजारी भरलेला तांब्या. भिकाचा फोटो नव्हता, त्याचा लूमवरचा सदरा खुंटीला तसाच. बाकीचे दारापासून लांब, तोंडाला पट्ट्या बांधून उभे.

बसलो. भिकाच्या नावानं घास बाजूला काढला. जेवायला लागलो. कोरडी पोळी, कोरडा वडा. वरण घेतलं नाही, वरण म्हणजे शिजवलेलं पाणीच की. दुसरा वडा घशात अडकला. घास ना वर ना खाली. डोळ्यांतून पाणी आलं. दाराआडून बांगड्या वाजल्या, ती पुढं होऊन थांबली. तांब्या माझ्यापासून वितीवर. मी हात लावला नाही.

हॅरिस साहेबाला वाटलं माणूस गुदमरून मरतो. तो आपली बाटली काढून लंगडत पुढं आला. तुआन साहेबानं त्याचा हात धरला. घट्ट धरला. त्यानं माझ्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं, आणि तो हसला. तेवढ्या दिवसांत एकदाच. हॅरिस साहेबाला कानात काय सांगितलं माहीत नाही, पण त्यानं बाटली परत खांद्याला लावली.

घास उतरला. पान संपवलं. उठून कपाळाला गंध लावलं. एका मेलेल्याचं एका माणसानं फेडलं. मग विमल उंबरा ओलांडून बाहेर आली, पदर ओढलेला, आणि उन्हात हात पुढं करून उभी राहिली. तुआन साहेबानं दंड बांधला, हॅरिस साहेबानं सुई लावली. बाटली भरताना तिनं तोंड फिरवलं नाही. हॅरिस साहेबानं तिला दोन्ही हात जोडले. तिनं जोडले नाहीत. रक्त घेऊन मंडळी जीपमध्ये बसली, तुआन साहेब पुढं, हॅरिस साहेब मागं, आणि रक्ताची पेटी हॅरिस साहेबाच्या मांडीवर.

त्या रक्तातून काय निघालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. विचारलं तर सक्सेना साहेब म्हणाले, परदेशात कागद गेलेत. पुढं जहाजं सुटली, विमानं सुटली, लूम पुन्हा खटखटायला लागले. पेपरात दोस्तीचे, सहकार्याचे फोटो आले असतील. मी बघितले नाहीत. भिकाच्या लूमवर ओरिसाचा एक माणूस लागला. गावानं आमच्या माणसांना आत घेतलं, पण काठ्या धरून उभी असलेली पोरं कोणाची होती, ते आजही कोणी विसरलेलं नाही.

रक्त घेतलं त्याच संध्याकाळी खात्याच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं होतं. तू त्या घरात जेवलास, असं कानावर आलं. आता परदेशी मंडळींना स्टेशनवर सोडायला तू नको, दुसरा ड्रायव्हर जाईल. काही दिवस घरी बस. मी चावी टेबलावर ठेवली. उलट बोललो नाही, साहेबही खोटं बोलत नव्हता. फक्त दुसऱ्या ड्रायव्हरला सांगून ठेवलं, पुढचं दार त्या बारक्या साहेबासाठी उघड, चुकू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नव्हती म्हणून नवागामला पायी गेलो. दार उघडं होतं. विमल चुलीपुढं बसली होती. मी उंबऱ्याबाहेरच पायरीवर टेकलो, उन्हातून चालून घसा सुकला होता, आणि या वेळी भिंतीला नाही, तिलाच म्हटलं,

"विमल, पाणी दे."